आवाज थांबतो की फाटतो?

ज्यांच्या घरी एकेकाळी रेडिओ होता त्यांना आठवत असेल. विविध भारती किंवा आकाशवाणीची उर्दू सर्व्हिस नीट लागत नसली की घरातले कोणीतरी उठायचे, खिडकीला बांधलेली तार हलवायचे आणि खरखर कमी व्हायची. कधी तारेला नुसता हात लावून उभे राहिले की कव्वाली स्वच्छ ऐकू यायची, हात काढला की पुन्हा खरखर. मग घरातल्या धाकट्याला तिथेच उभे राहायची शिक्षा! कॅसेटचेही तसेच होते. टेपच्या हेडवर मळ बसला की आवाज गुदमरायचा, कापसाला स्पिरिट लावून पुसले की मोकळा व्हायचा. त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे, की आवाज आणणारी वस्तू जितकी भारी तितका आवाज गोड. रेडिओ आणि कॅसेटच्या काळात ती समजूत खरीच होती.

आता गाणे, नात, तिलावत सगळे इंटरनेटवरून घरात येते, आणि त्या जुन्या समजुतीवर नवा धंदा उभा राहिला आहे. भोसरीच्या एका वाचक भगिनींनी आम्हाला फोनवर सांगितले, की त्यांच्या यजमानांना मोबाइलला जोडलेल्या स्पीकरवरचा आवाज हल्ली दबलेला वाटतो. दुकानदाराने सांगितले, राउटर जुना झाला, लाइन हळू आहे. नवा राउटर, 'खास म्युझिकसाठी' असलेली लॅनची वायर आणि १०० एमबीपीएसचा प्लॅन असा मिळून साडेसात हजारांचा आकडा त्याने कागदावर लिहून दिला. घरात मुलीच्या क्लासची फी भरायची आहे. "घ्यावे की थांबावे?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

आमचे उत्तर आधी सांगतो, कारणे मागून. थांबावे.

(कव्वाली ऐकावी की ऐकू नये हा घरोघरचा वाद या सदराचा विषय नाही. घरात जे ऐकले जाते ते नीट ऐकू यावे आणि त्यापायी पैसे वाया जाऊ नयेत, एवढेच आमचे काम.)

इंटरनेटवरून गाणे कसे येते हे चाकणच्या माणसाला समजावून सांगणे फार सोपे आहे. गाडी जुळवणाऱ्या कंपनीत सुटे भाग जसे येतात, तसेच ते येते. गाण्याचे आधी आकडे केले जातात. त्या आकड्यांचे छोटे छोटे खोके बांधतात. एका खोक्यात जास्तीत जास्त दीड हजार बाइट, आणि प्रत्येकावर त्याचा क्रमांक. चांगल्या दर्जाचे चार मिनिटांचे गाणे म्हटले तर असे साडेसहा हजारांच्या आसपास खोके होतात. ते तुमच्या मोबाइलपर्यंत पोहोचले की आधी तपासणी. प्रत्येक खोक्याबरोबर आतल्या मालाचा हिशेब लिहिलेला असतो, तो जुळला नाही तर खोका बाद. एखादा वाटेत हरवला तर पाठवणारा तो पुन्हा पाठवतो. ही रीत १९७४ साली व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोन अमेरिकी अभियंत्यांनी मांडली आणि आजही गाण्याचे बहुतेक सगळे ॲप तिच्यावरच चालतात.

शिवाय मोबाइल आलेला माल लगेच वाजवत नाही. लाइनशेजारी जसा थोडा स्टॉक ठेवतात तसा पुढच्या काही सेकंदांचा, कधी अख्ख्या गाण्याचा साठा आधी करून ठेवतो. यालाच बफर म्हणतात.

आता आम्हाला सांगा, सुट्या भागांचा ट्रक तळेगाव चौकात ट्रॅफिकमध्ये अडकला, तर आतला बोल्ट वाकडा होतो का? नाही. ट्रक उशिरा येतो, स्टॉक संपतो आणि लाइन थांबते. ट्रक नवा कोरा असला म्हणून बोल्ट अधिक चकचकीतही होत नाही. राउटर, वायर, स्विच हे सगळे या हिशेबात ट्रक आहेत. माल वेळेवर पोहोचवणे एवढेच त्यांचे काम. पोहोचला तर पूर्ण पोहोचतो, नाही पोहोचला तर गाणे थांबते. 'थोडा दबलेला पोहोचला' हा प्रकार इथे होत नाही.

म्हणूनच आम्ही त्या भगिनींना पहिला प्रश्न विचारला, आवाज थांबतो की फाटतो की दबतो? तिन्ही दुखणी वेगळी आहेत आणि राउटरचा संबंध मुख्यतः पहिल्याशी आहे. तुमच्याकडेही हीच शंका असेल तर एक फुकटची परीक्षा सांगतो. ॲपमध्ये गाणे डाउनलोड करता येत असेल तर डाउनलोड करा, मग मोबाइल विमान मोडवर टाका. स्पीकर ब्लूटूथचा असेल तर तेवढे ब्लूटूथ पुन्हा चालू करा. आता राउटरचा या गाण्याशी काही संबंध उरला नाही, ते मोबाइलच्या पोटातून वाजते आहे. तरीही आवाज पहिल्यासारखाच दबलेला असेल तर राउटर निर्दोष. डाउनलोडची सोय नसेल तर गाणे सुरू करा, अर्धे मिनिट जाऊ द्या आणि मोबाइलचे वायफाय आणि डेटा दोन्ही बंद करा. गाणे काही वेळ, पुष्कळदा शेवटपर्यंत, चालूच राहील. त्या वेळात आवाज बदलतो का ते कान देऊन ऐका.

परदेशात तर हे वेड फार पुढे गेले आहे. गाण्याची गोडी वाढवणारी म्हणून लॅनची वायर शेकडो डॉलरला विकली जाते. २०१५ साली आर्स टेक्निका या अमेरिकी प्रकाशनाने अशीच एक ३४० डॉलरची वायर आणि एक साधी वायर लास व्हेगासमध्ये लोकांना न सांगता आलटून पालटून ऐकवली. ऐकणाऱ्यांना फरक सांगता आला नाही. आपल्याकडे बाजारात मिळणारी साधी कॅट ५-ई वायर १०० मीटरपर्यंत माल बिनचूक पोहोचवते. दोन खोल्यांच्या घरात त्यापेक्षा जास्त तिच्याकडून हवे तरी काय?

वेगाचा हिशेबही एकदा करून टाकू. स्पॉटिफायवर आवाजाच्या पायऱ्या आहेत, २४, ९६, १६० आणि ३२० केबीपीएस. ३२० ची पायरी घेतली तरी तासाला १४४ एमबी लागतात. सीडीचा मूळ आवाज, काहीही न दाबता, १४११ केबीपीएसचा असतो, म्हणजे दीड एमबीपीएसलाही थोडा कमीच. घरात ३० एमबीपीएसची साधी लाइन असेल आणि ती खरोखर तेवढी मिळत असेल, तर सीडीच्या दर्जाची वीस गाणी एका वेळी वाजवता येतील. वीस माणसे घरात कुठून आणायची तो वेगळा प्रश्न. गाण्यासाठी १०० चा प्लॅन घेणे म्हणजे एक गोणी तांदूळ आणायला दहा चाकी ट्रक सांगणे.

मग राउटरमुळे आवाज कधीच बिघडत नाही का? एका वाटेने बिघडतो, आणि ती वाट नीट समजून घेण्यासारखी आहे. ॲपमध्ये आवाजाचा दर्जा 'ऑटोमॅटिक' वर असतो. माल येण्यास उशीर होतो आहे असे दिसले की ॲप गाणे थांबवण्याऐवजी खालची पायरी मागवते, ३२० च्या जागी ९६, कधी २४. गाणे न थांबता चालते, पण टाळ्यांचा कडकपणा जातो, बाजाची पेटी मेणचट वाटते. हा दोष राउटरने आवाजात कालवलेला नसतो, तो ॲपने केलेला व्यवहार असतो. ॲपच्या सेटिंगमध्ये जा, वायफायवरचा दर्जा हाताने वरचा निवडा आणि 'डेटा सेव्हर' बंद करा. इतके करूनही गाणे न अडखळता चालले, तर तुमचा राउटर पास.

अडखळले तर मात्र राउटरकडे बघायचे, आणि तेही आधी त्याच्या जागेकडे. नवा घ्यायचा की नाही ते नंतर. आमच्या पट्ट्यातल्या घरांत राउटर कुठे असतो? केबलवाल्याची वायर जिथून आत आली तिथेच, दाराच्या वरच्या कोपऱ्यात, नाहीतर लोखंडी कपाटावर, टीव्हीच्या मागे. वायफायच्या लहरींना लोखंड आणि पत्रा चालत नाही, त्या आपटून परत फिरतात. चाकण, खराबवाडी, कुरुळी भागात भाड्याच्या पत्र्याच्या खोल्या आहेत, तिथे मधला पडदा पत्र्याचा असेल तर पलीकडच्या खोलीत वायफाय पोहोचलाच तर मेहरबानी. विटांची भिंत त्या मानाने बरी, आरसीसीचा स्लॅब वाईट. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवा. त्यासाठी पाच-सहा मीटर वायर जास्त लागली तर लागू द्या. हा खर्च सार्थकी लागतो.

दुसरी गोष्ट गर्दीची. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो, म्हणून त्यावर सगळेच उतरले. वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे तिथेच. त्यात एकमेकांच्या अंगावर न येणारे मार्ग तीनच, १, ६ आणि ११. काळेवाडी किंवा कासारवाडीतल्या एखाद्या चार मजली इमारतीत उभे राहून मोबाइलवर वायफायची यादी काढा, पंचवीस नावे दिसतील. राउटर दोन पट्ट्यांचा असेल तर मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर जोडा. त्याची पोच कमी, भिंतीपलीकडे तो दमतो, पण त्याच खोलीत असाल तर गर्दीतून सुटका होते. मुलांचा ब्लूटूथ स्पीकर मधूनच गप्प होतो तेही पुष्कळदा याच गर्दीमुळे. मोबाइल ५ वर गेला की ब्लूटूथलाही मोकळे रान मिळते.

तिसरी गोष्ट विजेची, आणि भोसरीत ती पहिली म्हणायला हवी. शेजारच्या शेडमध्ये मोठी मोटर सुरू झाली की घरातला बल्ब क्षणभर मंदावतो. बल्ब पुन्हा पेटतो, पण राउटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि लाइनवर यायला दोन-तीन मिनिटे घेतो. बघणाऱ्याला वाटते नेट गेले. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो नव्या राउटरपेक्षा जास्त कामाचा. पूर्ण लाइट गेल्यावर मात्र इमारतीतल्या केबलवाल्याच्या डब्याला बॅटरी आहे का ते विचारून घ्या. तो डबा बंद पडला तर तुमचा यूपीएस एकटा काय करणार? पिंपरी-भोसरीत कारखान्यांची सुट्टी आणि वीज कंपनीचे दुरुस्तीचे काम दोन्ही बहुधा गुरुवारी. कव्वालीची जुमेरातही तीच. त्या दिवशी सगळे घरी, सगळ्यांचे मोबाइल चालू. अडखळणे गुरुवारीच होत असेल तर दोष कशाचा ते वेगळे सांगायला नको.

घरातल्या वडीलधाऱ्यांची तक्रार वेगळी असते. फजरनंतर दादी किंवा नानी तिलावत लावतात आणि ती आयतीच्या मध्येच थांबते. त्यांना ते फार लागते, आणि लागावे असेच आहे. पहाटे गर्दी नसताना असे का? रात्रभर चार्जिंगला लावलेले घरातले तीन-चार मोबाइल वायफायवरून दिवसभराचे फोटो वर चढवत असतात, अपडेट उतरवत असतात. लाइनचा जाण्याचा रस्ता त्यांनी भरून टाकलेला असतो. फोटोंचा बॅकअप रात्री उशिराऐवजी दुपारी ठेवा. त्याहून सोपे म्हणजे तिलावत एकदाच उतरवून घ्या. १२८ केबीपीएसने तासाला ५८ एमबी होतात, पूर्ण कुराणाचे ३० तास धरले तरी पावणेदोन जीबीच्या आत. छोट्या मेमरी कार्डात ते मावते, आणि मग नेट असो नसो. रमजानमध्ये मक्केहून थेट दाखवली जाणारी तरावीह मात्र उतरवून ठेवता येत नाही. थेट प्रक्षेपणात साठा फार कमी ठेवता येतो, म्हणून ते आधी अडखळते. त्या वेळेपुरते बाकीच्यांचे व्हिडिओ बंद करणे हाच इलाज. आखातातल्या भावाशी, मुलाशी बोलताना आवाज तुटतो तेही याच जातीचे. बोलताना हरवलेला खोका पुन्हा मागवायला वेळच नसतो. तिथे राउटरची जागा खरोखर आवाज बदलते.

फाटण्याबद्दल थोडक्यात. मोबाइल आणि स्पीकर दोन्हींचा आवाज पूर्ण वर नेला, वरून 'बेस बूस्ट' लावला, तर तळहाताएवढा स्पीकर फाटणारच. स्पीकरचा आवाज मध्यावर ठेवा आणि बेस बूस्ट काढा. आणि जी खरखर मूळ ध्वनिमुद्रणातच आहे ती कोणी काढू शकत नाही. मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. झिंझोटीतली त्यांची प्रसिद्ध ठुमरी आपण आज मोबाइलवर ऐकतो ती ७८ च्या तबकडीवरून घेतलेली आहे. तिची खरखर राउटर बदलून जात नाही. आम्हाला तर ती खरखर आवडते, पण ते असो.

आता राहिला दबलेला आवाज. भोसरीच्या त्या भगिनींनी विमान मोडची परीक्षा घरी करून बघितली. नेट बंद असतानाही यजमानांना आवाज दबलेलाच वाटला. आम्ही विचारले, तुम्हाला आणि मुलांना कसा वाटतो? त्या म्हणाल्या, आम्हाला तर स्वच्छ येतो, उलट ते आवाज इतका वाढवतात की शेजारी बोलतात. यजमान काय काम करतात? प्रेस शॉपमध्ये, सोळा वर्षे.

हे ऐकल्यावर आम्ही राउटरचा विषय सोडला. पत्रा ठोकणारी प्रेस, फोर्जिंगचा हातोडा, ग्राइंडर यांच्या शेजारी वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाच्या कानाचे नुकसान ठराविक जागी सुरू होते. सगळे आवाज एकदम कमी होत नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासचे बारीक आवाज जातात. स, श, फ ही अक्षरे ओळखू येतात ती वरच्या बारीक आवाजांवर. म्हणून ढोलक नीट ऐकू येतो, बाजा ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. टाळीचा कडकपणा जातो. माणसाला वाटते मशीनचा दोष आहे, म्हणून तो आवाज वाढवतो. घरात "तू पुटपुटतेस" म्हणून बायकोवर चिडतो, मशिदीत खुतबा कळला नाही तर लाउडस्पीकरला नावे ठेवतो. वय वाढले की हेच थोड्याफार प्रमाणात सगळ्यांचे होते, पण चाळिशीत होत असेल तर कारण बहुधा कारखान्यात सापडते.

हे नुकसान भरून येत नाही, थांबवता मात्र येते. आपल्याकडे कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा धरली जाते, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत आवाजामुळे येणाऱ्या बहिरेपणाला जागा दिली होती. म्हणजे ही घरातल्या घरात लाजून लपवायची गोष्ट नाही. कंपनी कानात घालायचे प्लग देत असेल तर ते खिशात न ठेवता कानात घाला, देत नसेल तर मागा. प्रेसच्या आवाजावर मात करण्यासाठी कानात इअरफोन घालून गाणी ऐकणारे तरुण आम्ही बघितले आहेत. ते मशीनच्या आवाजावर गाण्याचा आवाज चढवतात, म्हणजे कानावर दुहेरी मार.

कानाची तपासणी, ऑडिओमेट्री, सोपी असते. बंद खोलीत कानाला हेडफोन लावून बारीक बारीक सूर ऐकवतात आणि ऐकू आला की बटण दाबायचे. ईएसआयसीचे कार्ड असणाऱ्यांसाठी चिंचवडला मोहननगरमध्ये रुग्णालय आहे, बाकीच्यांसाठी पिंपरीत संत तुकारामनगरला महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. केसपेपर काढताना कान-नाक-घसा विभाग सांगा आणि मशीनवर किती वर्षे काम केले ते डॉक्टरांना स्वतःहून सांगा. तपासणीआधी निदान चौदा तास कान मशीनच्या आवाजापासून लांब हवेत, नाहीतर शिफ्टचा तात्पुरता थकवाच कागदावर उतरतो. म्हणून ज्यांची सुट्टी गुरुवारी असते त्यांनी त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट मागून घ्यावी आणि शुक्रवारी सकाळी लवकर नंबर लावावा. जुम्म्याच्या नमाजआधी काम उरकते.